लंडन आलंय वऱ्हाडात

लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ऐन भरात होतं तेव्हाची गोष्ट. पुण्यात एका सुसंस्कृत गृहस्थांनी मला मोठ्या आपुलकीनं विचारलं, "काय हो, तुमची वऱ्हाडातली माणसं लंडनला जातात म्हणे त्यात?" मी त्यांना समजावून सांगितलं, की यातलं वऱ्हाड लग्नाचं आहे, मुलुखाचं नाही, आणि ते निघतं तेही मराठवाड्यातल्या खेड्यातून. अमरावती-अकोल्याचा त्यात काही हात नाही. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेच हो. सगळं तिकडचंच." पुण्यातून पाहिलं की नगर ओलांडल्यावर थेट नागपूरची संत्रीच दिसतात. मधला मुलूख रात्रीच्या गाडीत झोपेत निघून जातो.

खरं म्हणजे वऱ्हाडाला लंडनला जायची कधी गरजच पडली नाही. लंडनच वेळोवेळी आमच्याकडे येऊन राहिलं. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कारभारासाठी मागून घेतलं, आणि मागून आणलेली वस्तू परत न करण्याची जी शेजाऱ्यांची रीत आहे ती शेवटपर्यंत पाळली. अमरावतीचा माणूस अजूनही डफरीनमध्ये जन्मतो आणि हात मोडला की इर्विनमध्ये जातो. पाटीवर काही का लिहिलेलं असेना, ऑटोवाल्याला हीच नावं सांगावी लागतात. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आमची शकुंतला गाडी तर एका ब्रिटिश अमदानीतल्या कंपनीच्या रुळांवरून स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं धावत होती, आणि सरकार त्या रुळांचे पैसे मोजत होतं. १९२१ साली मँचेस्टरात घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ साली थांबलं. सर्वांत लांबलेली ब्रिटिश मालिका कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी शकुंतलेचं नाव घेईन. तिचीही गती तीच होती. प्रत्येक स्टेशनावर वाटायचं, आता काहीतरी घडेल.

पण मी सांगणार आहे ती संध्याकाळ खऱ्याखुऱ्या ब्रिटिश मालिकांची. आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानं विलायतेत असतात. मागल्या दिवाळीत आले तेव्हा त्यांनी आईसाठी शाल आणली आणि माझ्यासाठी जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकांच्या तबकड्यांचा एक गठ्ठा. "बाबा, तुम्हाला वेळ जात नाही ना, बघत बसा," म्हणाले. निवृत्त माणसाचा वेळ जात नाही ही कल्पना ज्यांना अजून नोकरी आहे त्यांचीच. तरी मी माळ्यावरून तबकड्या वाजवण्याचं यंत्र काढलं, त्यावरची धूळ पुसली, आणि एका शनिवारी बैठक ठरवली. निमंत्रित तीन. शेजारचे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, विनोद समजावून सांगायला. आमची सौभाग्यवती, हसू आलं नाही तर तसं स्पष्ट सांगायला. आणि अकोल्याहून माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

दादा अकोल्याला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. इंग्रजी त्याला मसुद्यापुरतं येतं. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' इथवर फर्डं, पुढे चाचपडत. मग त्याला इंग्रजी मालिका बघायला कशाला बोलावलं? तर त्याला कारण आहे. १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपक उभे राहिले आणि आमच्या बाजूच्या घरांवरही अँटेना दिसू लागल्या. मुंबईचं दूरदर्शन केंद्र १९७२ पासून मराठी बोलत होतं, पण ते मराठी आमच्यापर्यंत पोचायला पुढे आणखी काही वर्षं लागली. आधी आली ती दिल्ली. म्हणजे वऱ्हाडच्या माणसानं घरी टीव्ही आणावा, सत्यनारायण घालावा, शेजारपाजाऱ्यांना बोलवावं, आणि बटण दाबल्यावर हिंदी किंवा इंग्रजी ऐकावं! त्या दिवसांत दिल्लीनं 'येस मिनिस्टर' दाखवलं. मी पुण्याहून रजेवर अकोल्याला आलो होतो. मला इंग्रजी येत होतं म्हणून मी वाक्यांचा पाठलाग करत बसलो. आणि इंग्रजी न येणारा दादा माझ्या आधी हसत होता. "अरे, हा तं आमचा सायेब हाये!" तो सर हम्फ्रीकडे बोट दाखवून म्हणाला. तेव्हापासून त्याच्या मताला मी मान देत आलो आहे. पुढची चाळीस वर्षं दिलेला मान त्या संध्याकाळी एका वाक्यात वसूल होणार होता, हे मला ठाऊक नव्हतं.

सुरुवात अर्थात 'येस मिनिस्टर'नंच केली. गिला वडा गरम होता, प्राध्यापक प्रसन्न होते. १९८० ते १९८४ या काळात बी.बी.सी.वर आलेली ही मालिका अँटनी जे आणि जोनाथन लिन या जोडीनं लिहिली. कथानक म्हणाल तर एवढंच, की जिम हॅकर नावाचा नवा मंत्री येतो, त्याला काहीतरी करायचं असतं; आणि सर हम्फ्री ॲपलबी नावाचे त्याचे सचिव असतात, त्यांना काही होऊ द्यायचं नसतं. मध्ये बर्नार्ड नावाचा खासगी चिटणीस, ज्याला दोघांनाही सांभाळायचं असतं. आम्ही लावला तो भाग १९८१ चा. एक नवंकोरं इस्पितळ आहे. पाचशेच्या आसपास कर्मचारी आहेत, विभाग आहेत, बैठका आहेत, स्वच्छतेचं बक्षीससुद्धा मिळालेलं आहे. फक्त रोगी एकही नाही. मंत्री हादरतो. सचिवांना त्यात हादरण्यासारखं काही दिसत नाही. रोगी आले असते तर इस्पितळ इतकं नीट चाललं नसतं, हे त्यांचं म्हणणं ऐकता ऐकता आपल्यालाही पटू लागतं. खरी गंमत या 'पटू लागण्यात' आहे.

पॉल एडिंग्टन आणि नायजेल हॉथॉर्न ही दोन माणसं खुर्चीवर बसून बोलतात. यापलीकडे पडद्यावर काहीही घडत नाही. कोणी घसरत नाही, कोणाच्या तोंडावर केक बसत नाही. घसरते ती भाषा. सर हम्फ्रींचं एक वाक्य सुरू होतं, त्याला पोटवाक्य होतं, पोटवाक्याला कंस होतो, आणि शेवटास जाईपर्यंत मंत्री आपला प्रश्न विसरून गेलेला असतो. ज्यानं कधी सरकारी पत्र वाचलं आहे त्याला हे परकं वाटणार नाही. 'वरील विषयास अनुसरून' इथून निघून 'उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर' इथं पोचणारं पत्र वाटेत कुठंच थांबत नाही आणि काहीच सांगत नाही. सरकारी मराठीत फायलीला नस्ती म्हणतात. 'नस्ती उठाठेव' हा शब्दप्रयोग तिथूनच आला असावा, असा माझा तर्क आहे. आणि तीन खात्यांचा अभिप्राय घेतल्याशिवाय तो खोडता येणार नाही.

"मंत्री चुकते कुठी सांगू?" दादा म्हणाला. "तो विचारते, 'हे होऊ शकते का?' असं कधी विचारू नाई. मंग सायेब सांगते, होऊ शकते. फक्त वेय लागन, पैसा लागन, आन् समिती लागन. झालं, गेलं!"

प्राध्यापकांनी मग माहिती दिली, की मार्गारेट थॅचरबाईंना ही मालिका इतकी आवडे की १९८४ च्या जानेवारीत, पंतप्रधान असताना, त्यांनी या दोन नटांबरोबर एक छोटा प्रवेशसुद्धा केला. "पाहा," ते म्हणाले, "स्वतःवर हसण्याची ही इंग्रजांची थोर वृत्ती!" मी मान डोलावली. दादानं वड्याचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "सायेबाले हासलं तं सायेबही हासते, सर. त्याचं काय जाते? दुसऱ्या दिवशी खुर्ची तठीच अस्ते."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. टिपून ठेवायला हवं होतं.

दुसरा कार्यक्रम 'फॉल्टी टॉवर्स'. हिचे भाग फक्त बारा. सहा १९७५ साली आणि सहा १९७९ साली. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या नवरा-बायकोनं ही मालिका मिळून लिहिली आणि दोन हंगामांच्या मधल्या काळात घटस्फोट घेतला. तरी दुसरा हंगाम पहिल्याइतकाच उत्तम उतरला. आपल्याकडे संसार टिकतात आणि मालिका बिघडतात. बाराव्या भागाला थांबणं ही गोष्ट तर आपल्या मालिकावाल्यांना नवसानंसुद्धा जमायची नाही. बाराव्या भागात आपल्याकडे सून अजून माप ओलांडत असते.

टॉर्की या समुद्रकाठच्या गावी बेझिल फॉल्टी नावाचा एक लांबटांग्या माणूस हॉटेल चालवतो. हॉटेल चालवायचं तर गिऱ्हाईक यावं लागतं, आणि त्याला गिऱ्हाइकाचा मनस्वी तिटकारा आहे. हा माणूस मला अनोळखी वाटला नाही. एस.टी. स्टँडसमोरच्या कितीतरी लॉजांमध्ये मी त्याला भेटलो आहे. खोली मागितली की तो आपल्याकडे असं बघतो, जणू आपण त्याची मुलगी मागितली. क्लीझनं हा माणूस हवेतून काढलेला नाही. १९७० साली तो आणि त्याचे सोबती टॉर्कीच्या एका हॉटेलात उतरले होते. तिथल्या मालकाचा तऱ्हेवाईकपणा पाहून सोबती दुसरीकडे गेले आणि हा मात्र तिथेच मुक्काम ठोकून राहिला. खऱ्या लेखकाची खूण ही. आपण अशा वेळी तक्रारवही मागतो.

पहिल्याच भागात या बेझिलची परीक्षा होते. हॉटेलात एक लॉर्ड उतरतो. त्याचं बोलणं खानदानी, तोऱ्याचं. बेझिल त्याच्या पायांत घोटाळतो. त्याच वेळी एक साधा, कातडी जाकीट घातलेला, लंडनच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांतलं इंग्रजी बोलणारा माणूस येतो. त्याचा उच्चार ऐकूनच बेझिलच्या कपाळावर आठी चढते. हॉटेलात मॅन्युएल नावाचा बार्सिलोनाहून आलेला वाढपी आहे. त्याला इंग्रजी कळत नाही आणि बेझिलला स्पॅनिश नीट येत नाही, त्यामुळे मॅन्युएल वाट्टेल तेवढा मार खातो. आता हा 'गावंढळ' पाहुणा मॅन्युएलशी अस्खलित स्पॅनिश बोलतो! शेवटी कळतं, की तो गुप्त पोलिस आहे आणि लॉर्ड हा अट्टल भामटा. ज्याची भाषा शुद्ध तो चोर, ज्याची अशुद्ध तो सज्जन. आणि बेझिल दोघांच्या मध्ये उघडा. अर्ध्या तासात इतकी चोख शिक्षा नाटकांतून सहसा होत नाही.

मॅन्युएलवर हसलं जातं, हे खरं. पण नीट पाहिलं तर त्याच्याकडून चूक होते आणि बेझिलकडून पाप होतं. त्याला न कळल्यामुळे घोटाळा सुरू होतो. पण कोसळतो तो बेझिल. या मॅन्युएलची आणखी एक कथा प्राध्यापकांनी सांगितली आणि माझा वडा हातातच राहिला. हे काम करणारा अँड्र्यू सॅक्स जन्मानं बर्लिनचा. वडील ज्यू म्हणून १९३८ साली त्याचं कुटुंब जर्मनीतून पळून इंग्लंडात आलं. म्हणजे स्पॅनिश माणसाचं सोंग जर्मनीच्या निर्वासितानं घेतलं. आणि ही मालिका जेव्हा स्पेनमध्ये दाखवायची वेळ आली तेव्हा तिथल्या लोकांनी मॅन्युएलला चक्क इटालियन करून टाकलं! आपल्या देशाचा माणूस तेवढा खुळा नको.

"म्हणजे आपल्याकडे ही मालिका कोणी मराठीत केली," सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तर मॅन्युएल कुठला करतील?"

आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. मग दादाच म्हणाला, "विचारतं काय सूनबाई? अकोल्याचा!"

हशा झाला. मी सर्वांत मोठ्यांदा हसलो.

जेवणानंतर आमच्या महाराष्ट्राची पाळी होती. नाशिकजवळच्या देवळालीवर इंग्रजांनी विनोदी मालिका केली आहे हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. 'इट एन्ट हाफ हॉट मम' हे तिचं नाव. मराठीत म्हणायचं तर 'काय उकडतंय गं आई'. १९७४ ते १९८१ अशी आठ हंगाम ती चालली. १९४५ सालची देवळालीची छावणी, तिथे गोऱ्या तोफखान्याची करमणूक करणारी एक नाटकमंडळी, आणि त्यांच्या दिमतीला देशी नोकर. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः त्या छावणीत अशीच करमणूक करत होता. गोरे सोजीर परतीच्या जहाजाची वाट पाहत देवळालीला पडून राहत आणि वाट पाहून पाहून त्यांचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणू लागले. आपल्याकडे येरवडा किंवा ठाणं म्हणतात, तसं त्यांचं देवळाली.

"देवलालीले गरम होते म्हन्तात?" दादाला ही गोष्टच मुळात मान्य नव्हती. "याईले मे महिन्यात अकोल्याले आना म्हना!"

मालिकेतला प्रमुख देशी नोकर रंगी राम. काम केलं आहे मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. आता गंमत अशी, की हा बेट्स झाशीला जन्मलेला, हिंदुस्तानी सराईत बोलणारा, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गुरख्यांच्या पलटणीत लढलेला. रंगी रामसुद्धा मालकांपेक्षा हुशार दाखवला आहे. लेखकांनी हे सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी बी.बी.सी. ही मालिका आता पुन्हा दाखवत नाही. आम्ही तिच्यावर बराच वाद घातला. प्राध्यापक कलेच्या स्वातंत्र्यावर बोलले, मी इतिहासाच्या संदर्भावर बोललो. दादा शेवटी म्हणाला, "बोलते तं बेस. पन मंग तोंड काहून रंगोलं?" टीकाकारांना जे दोन पानांत सांगता येत नाही ते काही माणसं आठ शब्दांत सांगतात, आणि वर पान मागतात.

या मालिकेतला चहावाला डिनो शफीक. मूळ ढाक्याचा. तोच नट आमच्या शेवटच्या कार्यक्रमात होता, तेव्हा उडी सोपी होती. 'माइंड युवर लँग्वेज' लावलं. लंडनमधली रात्रशाळा, तिथे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणारे मिस्टर ब्राउन, आणि वर्गात जगभरचे नमुने. डिनो शफीक झाला आहे पाकिस्तानचा अली नदीम. अल्बर्ट मोझेस हा मूळ सिलोनचा नट झाला आहे रणजीत सिंग. सिमल्यात जन्मलेल्या जमिला मॅसी सतत काहीतरी विणणाऱ्या बाई झाल्या आहेत. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका तुफान चालत होती. तरी १९७९ मध्ये त्या वाहिनीच्या मायकेल ग्रेड या अधिकाऱ्यानं ती बंद केली. परक्यांच्या असल्या ठोकळेबाज चित्रणावर हसवणं त्याला बरं वाटेना. पुढे १९९३ मध्ये पंकज कपूरनं आपल्याकडे 'जबान संभाल के' केलं, त्याचं मूळ हेच. तिथे वर्ग हिंदीचा, आणि इंग्रज विद्यार्थी म्हणून टॉम ऑल्टर. ज्याचं हिंदुस्तानी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं.

मी हसत होतो, हे कबूल केलं पाहिजे. मालिका वाईट नाही. मिस्टर ब्राउन कोणाचा अपमान करत नाही, वर्गातली माणसं एकमेकांना धरून आहेत. पण अर्ध्या तासानं यंत्र दिसायला लागतं. विद्यार्थी चुकीचं बोलतो, मास्तर दुरुस्त करतो, विद्यार्थी दुरुस्तीही चुकीची समजतो, लोक हसतात. पुन्हा पहिल्यापासून. कोणाचंही इंग्रजी फारसं सुधारत नाही, कारण सुधारलं तर मालिका संपेल. वर्गात शिकायला आलेल्या माणसांनी कधीही शिकू नये यावर ज्याचं पोट आहे असा हा एकमेव वर्ग. निदान उघडपणे तसं सांगणारा. सर हम्फ्री भाषेचा धनी, आणि तिथं तो धनीच उघडा पडतो. बेझिल भाषेचा गर्विष्ठ, आणि तोच तोंडावर आपटतो. इथे मात्र ज्याच्याकडे भाषाच नाही तो पडतो, आणि ज्याच्याकडे ती आहे तो खडू हातात घेऊन उभा असतो, स्वच्छ, कोरडा.

हे सगळं मी आत्ता लिहितो आहे. त्या वेळी मी फक्त हसत होतो. अली नदीमनं काहीतरी उलटंपालटं उत्तर दिलं, मी मांडीवर थाप मारली, आणि शेजारून दादा हळूच म्हणाला,

"त्या दिवशीही तू असाच हासला होता."

कोणता दिवस, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पन्नासहून जास्त वर्षं मी तो दिवस माळ्यावर टाकून ठेवला होता.

१९७१ साल. पुण्याचं वसतिगृह. पहिल्या आठवड्यातच मी, "जेवाले जाऊन राह्यलो" म्हणालो आणि खोलीतली चार मुलं ओरडली, "जातोयस की राहतोयस? एकदा ठरव!" आमच्याकडे ळ चा य होतो, शाळा ती शाया, डोळा तो डोया. हे मला तिथं गेल्यावर कळलं. तोवर मला वाटे की आपण बोलतो. ज्या भाषेत ती मुलं मला हसत होती, तिचा पहिला गद्यग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते लीळाचरित्र म्हाइंभटांनी आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपुरात सिद्ध केलं. गाडगेबाबांनी याच बोलीत उभ्या महाराष्ट्राला स्वच्छता शिकवली. पण वयाच्या सतराव्या वर्षी माणसाला असली उत्तरं सुचत नाहीत. त्याला फक्त ळ सुचतो. तीन महिने मी रात्री पांघरुणात तोंड घालून ळ घोटला. बाळ, माळ, काळवेळ. सहामाहीपर्यंत मी पुणेकर झालो.

आणि मग दादा आला. माझी फी भरायला. नुकताच कारकून म्हणून लागला होता. पहिल्या पगारातून पैसे वाचवून, रात्रभर गाडीत उभा राहून आला होता. हातात लाडवांचा डबा आणि जवसाच्या चटणीची बरणी. खोलीत शिरून त्यानं माझ्या मित्रांना हात जोडले आणि अभिमानानं म्हणाला, "आमच्या शायेतला हा पयला पोट्टा जी, जो पुण्याले शिकाले आला. ध्यान ठेवजा याच्यावर."

एकानं हळूच "शाया" म्हटलं. दुसऱ्यानं तोंडावर रुमाल धरला. मग सगळी खोली हसली. मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्यांच्याबरोबर हसलो. थोडंसंच, पण त्यानं पाहिलं. डबा टेबलावर ठेवला, फीची पावती माझ्या वहीत घातली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. लाडू सगळ्यांनी मिळून खाल्ले. छान झाले होते.

तबकडी चालूच होती. यंत्रातले प्रेक्षक दर पाच सेकंदांनी हसत होते. त्यांना कोणी थांबवलं नव्हतं. प्राध्यापक उठले आणि उद्या सकाळी फिरायला जायचंय म्हणाले. ते कधी फिरायला जात नाहीत. सौभाग्यवतीनं टीव्ही बंद केला आणि दादांना दूध हवं का विचारलं. दादा म्हणाला, "साखर नोको."

झालं एवढंच. भांडण नाही, डोळ्यांत पाणी नाही. दादा दूध प्यायला आणि झोपला. मी मात्र उशिरापर्यंत जागा होतो. विनोदावर मी आयुष्यात बरंच वाचलं. पण 'सायेबाचं काय जाते, खुर्ची तठीच अस्ते' हे वाक्य मला कुठं भेटलं नव्हतं. ज्याला खुर्ची आहे त्याच्यावर हसलं तर हसण्यानं त्याचं काही जात नाही. ज्याला नाही, त्याचं जातं. काय जातं ते मोजता येत नाही. त्याची पावती मिळत नाही.

सकाळी दादाला गाडीवर बसवायला बडनेऱ्याला गेलो. ऑटोत दोघंही गप्प. फलाटावर मी मनाशी निश्चय केला, की आज आपण आपल्या बोलीतच बोलायचं. माफी मागायची तीही पुणेरीत मागायची हे काही बरोबर नाही. घसा खाकरला आणि सुरू केलं. "दादा, गाडी येऊन राह्यली. तू इथीच बसून राह्य. मी पानी घेऊन येऊन राह्यलो. आन् पोचला का फोन करून राह्यजो."

दादानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. चेहऱ्यावर एकही रेघ हलली नाही. मिस्टर ब्राउन वर्गात बघतो, अगदी तसं.

"'फोन करजो' म्हन्तात," तो म्हणाला. "आन् सगयेच राहून राह्यलो, तं गाडीत चढन कोन बह्याडा?"

आणि हसला. फलाटावरची माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्यांदा हसला. गाडी आली, मी पिशवी चढवली, त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

"कयलं का?" त्यानं विचारलं.

"कळलं," मी म्हणालो.

"कयलं म्हन!"

गाडी पुढे गेली होती. मी फलाटाबरोबर चार पावलं धावलो आणि मोठ्यांदा म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या दोन मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या. हसू द्या. अजून उच्चार नीट बसत नाही. पण पुढच्या महिन्यात अकोल्याला आठ दिवस जाणार आहे. तबकड्या नेणार नाही. फक्त वही नेईन म्हणतो.